स्नोपियर्सर, पर्व पहिलं, भाग आठवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं शनिवार रात्रीचं मंडळ आहे. चार-सहा घरची माणसं एका दिवाणखान्यात जमतात आणि एक मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात. 'स्नोपियर्सर' म्हणजे सगळं जग गोठल्यावर उरलेली माणसं घेऊन न थांबता धावणाऱ्या आगगाडीची गोष्ट. तिचा आठवा भाग झाला की दर वेळी तेच प्रश्न येतात, कधी फोनवर, कधी बाड्यावरच्या बाजारात भाजी घेताना. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं. पहिल्या सहा प्रश्नांत काही फोडलेलं नाही. सातव्यापासून आठव्या भागापर्यंतचं सगळं उघड केलंय, आणि सोळा, सतरा व वीस या प्रश्नांत त्याच्याही पुढचं. ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर वाचावं.

1. हा नेमका कोणता भाग? नाव काय त्याचं?

पहिल्या पर्वाचा आठवा, 'दीज आर हिज रेव्होल्यूशन्स'. पर्व दहा भागांचं आहे. मालिका अमेरिकेत टीएनटी वाहिनीवर 17 मे 2020 रोजी सुरू झाली, आणि आपल्याकडे नेटफ्लिक्सवर दर आठवड्याला एक भाग यायचा. टाळेबंदीचे दिवस होते. डब्यांत कोंडलेल्या माणसांची गोष्ट आपण घरात कोंडून घेऊन बघत होतो. पुढे आणखी तीन पर्वं झाली, चौथं 2024 साली आलं. आज कुठे काय दिसतं हे बदलत राहतं, तेव्हा बसण्याआधी तपासून घ्या. दहा माणसं चहा घेऊन बसलीत आणि मालिका सापडत नाहीये, यासारखी फजिती नाही.

2. आधीचं काही बघितलं नाही. थेट आठवा भाग लावला तर कळेल का?

मारामारी कळेल, पण ती का चाललीय ते कळणार नाही. वेळ कमीच असेल तर पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा बघून मग आठव्याला बसा. पहिल्यात गाडीची मांडणी आणि एक फसलेला उठाव आहे. दुसऱ्यात शिक्षा कशी देतात ते दिसतं. पाचव्यात एक खटला चालतो आणि तिसऱ्या वर्गाचं डोकं फिरतं. सातवा भाग बघितल्याशिवाय आठव्यातला बंडाचा पुढारी लेटन याचा चेहरा वाचता येत नाही. तिसरा आणि चौथा खुनाच्या तपासात गुंतलेले आहेत. ते चांगले आहेत, पण बंडासाठी वगळले तरी चालतात. सहाव्यात गाडी बिघडते आणि प्रवाशांची व्यवस्था बघणारी मेलनी कॅव्हिल स्वतः खाली उतरून ती दुरुस्त करते. मेलनीबद्दल भांडायचं असेल (प्रश्न 13) तर तोही बघा.

3. मी सिनेमा बघितलाय. तीच गोष्ट पुन्हा कशाला बघू?

मुळात ही 1982 सालची फ्रेंच चित्रकादंबरी, जाक लोब आणि जाँ-मार्क रोशेट यांची. बाँग जून-होचा सिनेमा 2013 चा. सिनेमात बंड सरळ रेषेत चालतं: शेपटीतून, म्हणजे सगळ्यात मागच्या डब्यांतून निघायचं, एकेक डबा फोडत इंजिनापर्यंत जायचं. मालिका जगाच्या अंतानंतर साधारण सात वर्षांनी सुरू होते, सिनेमा सतरा वर्षांनी. मालिकेची माणसं वेगळी आहेत, आणि मेलनी कॅव्हिल सिनेमात नाहीच. सगळ्यात मोठा फरक म्हणजे मालिकेला वेळ आहे. मधल्या डब्यांत कोण राहतं, ते काय काम करतात, कोणाचं कोणाशी जमतं हे ती सात भाग दाखवते, आणि आठव्यात त्या सगळ्याचा हिशेब होतो. सिनेमा बघितला असेल तर उलट मालिका जास्त रंगेल.

4. गाडीत वर्ग नेमके किती? कोण कुठे बसतं?

गाडीत सुमारे तीन हजार माणसं आहेत आणि त्यांचे चार थर.

फर्स्ट क्लासवाल्यांनी गाडी बांधली जात असताना पैसा ओतला होता. त्यांना खिडक्या आहेत, बाथ आहे, सुशी आहे. सेकंड क्लासमध्ये डॉक्टर, शिक्षक, शेतीचे जाणकार अशी पांढरपेशी माणसं. थर्ड क्लासवर गाडी चालते: सफाई, दुरुस्ती, स्वयंपाक, कपडे. गाडीबाहेरच्या उणे शंभर अंशांहूनही खालच्या थंडीत जाड पोशाख घालून डब्यांची डागडुजी करणारे ब्रीचमन यांच्यातलेच. आणि सगळ्यात मागे शेपूट. शेपटीतली माणसं विदाउट तिकीट. गाडी सुटताना मारामारी करून घुसलेली आणि सात वर्षं अंधारात, काळ्या प्रोटीनच्या वड्या खात जगलेली. मूल मोठं झालं तर ॲप्रेंटिस म्हणून वर उचललं जाण्याची थोडी आशा. तीही मोजक्यांनाच, आणि एकदा वर गेलेलं मूल घरच्यांना परत भेटेलच असं नाही.

यांच्या मधोमध तीन गणवेश आहेत, आणि त्यांची गल्लत बरेच जण करतात. ब्रेकमन म्हणजे गाडीतले पोलीस. त्यातले बरेच साधे, पगारी माणसासारखे. जॅकबूट्स म्हणजे लष्कर, कमांडर ग्रेच्या हाताखालचं. आणि हॉस्पिटॅलिटी म्हणजे हिरव्या-निळ्या कोटातल्या, गोड आवाजात नियम सांगणाऱ्या बायका. आठव्या भागात कोणता गणवेश कोणाकडे वळतो यावरच बाजी ठरते, म्हणून हे तीन आधीच ओळखून ठेवा.

आमच्याकडच्या एका आजींना हे चार वर्ग अजिबात समजावून सांगावे लागले नाहीत. आपल्या रेल्वेतला थर्ड क्लास 1974 पर्यंत होता. त्यातल्या लाकडी बाकांवरून त्या माहेरी जात असत.

5. एक हजार एक डबे? शक्य तरी आहे का?

आपल्या मापाने हिशेब करून बघा. आजचा एक प्रवासी डबा साधारण 24 मीटर लांब. 1001 डबे म्हणजे 24 किलोमीटर. गार्डाचा डबा ग्वाल्हेरच्या फलाटावर उभा असेल तेव्हा इंजिन बानमोर ओलांडून मुरैनाच्या वाटेला लागलेलं असेल. आपल्याकडे बावीस-चोवीस डब्यांची गाडी आली तरी शेवटच्या डब्यातल्या माणसाला फलाट लागत नाही. तेव्हा शक्यतेच्या नादी लागू नका. गाडी थांबली तर वीज जाईल आणि सगळे गोठतील, एवढा एकच नियम मान्य करा. बाकी मालिका स्वतःच्या नियमांना बऱ्यापैकी धरून राहते.

6. घरच्यांबरोबर बघता येईल का? मुलं असतात, सासूबाई असतात.

सातवा आणि आठवा लहान मुलांबरोबर नको. सातव्यात छळाचा एक प्रसंग आहे, तो मोठ्यांनाही सोसत नाही. आठव्यात अरुंद डब्यातली जवळून केलेली मारामारी आहे, आणि रक्त लपवलेलं नाही. शृंगाराचे प्रसंग आधीच्या भागांत अधूनमधून येतात, तेव्हा रिमोट हाताशी ठेवा. सासूबाईंचं म्हणाल तर अंदाज बांधू नका. आमच्यातल्या एक सत्तरीच्या आत्या या भागाला सगळ्यात पुढे सरकून बसल्या होत्या, आणि 'हाण त्याला' हे पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून आलं.

7. सगळे 'मिस्टर विल्फर्ड, मिस्टर विल्फर्ड' म्हणतात. तो दिसतच का नाही?

कारण तो गाडीत नाही. गाडी त्याची, नाव त्याचं, हुकूम त्याच्या नावाने सुटतात. पण हुकूम देणारी मेलनी आहे. दिवसा ती हॉस्पिटॅलिटीची प्रमुख म्हणून हसतमुखाने फिरते आणि ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांशी बोलते, आणि इंजिनात जाऊन कोट उतरवला की तीच मुख्य इंजिनिअर. सुटण्याच्या वेळी तिने विल्फर्डला मागे बर्फात सोडून दिलं होतं. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना यातलं निम्मं कळतं. गाडीतल्या माणसांना ते कळायला आठवा भाग उजाडावा लागतो.

8. आठव्या भागात बंड एकच आहे ना? मग फर्स्ट क्लासवाले मधेच कशाला येतात?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. याचं उत्तर कळलं की हा भाग उलगडतो. बंड एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी चालली आहेत.

एक मागून पुढे जातंय. लेटन शेपूट उठवतो, तिसरा वर्ग त्याला येऊन मिळतो आणि जॅकबूट्सशी समोरासमोर लढाई होते. ते आवाजाचं आहे, रक्ताचं आहे, म्हणून आपले डोळे त्यावरच खिळतात. दुसरं पुढच्या डब्यांत, गालिच्यावर, मद्याचे पेले हातात धरून चाललंय. फर्स्ट क्लासमधलं फोल्जर कुटुंब आणि कमांडर ग्रे यांना कळतं की विल्फर्ड नाही. त्यांना मेलनीचा राग खोटं बोलल्याचा फारसा नाही. सात वर्षं आपल्याला एका नोकरासारख्या बाईने हाकलं, हे त्यांना झोंबतं. ते तिला बाजूला करून गाडी ताब्यात घेतात. एक गोळी न झाडता सत्ता बदलते, फक्त ती खालच्या लोकांकडे न जाता वरच्याच वरच्यांकडे जाते.

आणि दोन्ही बंडांचं हत्यार एकच आहे: विल्फर्डचं गुपित. ते लेटनने फोल्जरांच्या मुलीला, एलजेला दिलं (प्रश्न 12) आणि एलजेने पुढे नेलं. म्हणजे शेपटीच्या पुढाऱ्यानेच फर्स्ट क्लासच्या हातात काडेपेटी दिली. त्याला वाटलं वर गोंधळ उडेल आणि आपल्याला वाट मिळेल. गोंधळ उडाला खरा. पण मेलनी निदान गाडीचा हिशेब मांडून वागत होती. तिच्या जागी आलेल्यांना तो हिशेब येत नाही, त्यांना फक्त शेपूट चिरडायची आहे. लेटनचं बंड जितकं पुढे सरकतं तितका समोरचा शत्रू जास्त निर्दय होत जातो. माझ्या मते या भागाचा खरा पेच इथे आहे. तलवारबाजी तर कुठल्याही मालिकेत मिळते.

दुसऱ्यांदा बघताना एकच करा: पुढच्या डब्यांतले प्रसंग आले की मोबाइल उचलू नका.

9. शेपटीवाले आधी प्रत्येक वेळी हरले. मग याच वेळी कसे पुढे सरकले?

गाडीत तलवारीपेक्षा दरवाजा मोठा. प्रत्येकाच्या मनगटात चिप आहे, आणि ती सांगते तुम्ही कुठल्या डब्यापर्यंत जाऊ शकता. शेपटीला चिपच नाही. पहिल्या भागातला उठाव बघा: धैर्याची कमी नव्हती, हत्यारंही घडवली होती. पण त्यांना पलीकडचा एकही दरवाजा माहीत नव्हता. चिंचोळ्या डब्यात शंभर माणसं असली तरी लढायला पुढे चारच मावतात. मागचे शहाण्णव धक्के देतात, आणि समोरच्याने दार लावलं की खेळ खलास.

मधल्या सात भागांत हे बदलतं, आणि गंमत अशी की ते मेलनीनेच बदललं. खुनाचा तपास करायला तिने लेटनला शेपटीतून बाहेर काढलं, कारण गाडीत खून-तपासाचा अनुभव असलेला तोच एक माणूस. तपासाच्या निमित्ताने तो डबे फिरला. स्वयंपाकघर कुठे, पहारा कधी बदलतो, कोण कोणावर चिडून आहे, हे सगळं त्याने डोक्यात टिपलं. शेपटीतल्या जोसीने मागे-पुढे निरोप पोहोचवले. आठव्या भागात लढाई सुरू होते तेव्हा शेपटीला पहिल्यांदाच दाराच्या त्या बाजूला आपली माणसं आहेत. दार आतून उघडणारा हात तिसऱ्या वर्गाचा आहे, आणि पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

10. तिसऱ्या वर्गाला काय कमी होतं? दोन वेळचं खायला होतं, काम होतं. ते का पेटले?

मंडळात यावर सगळ्यात जास्त बोलणं होतं. शेपटीला गमावण्यासारखं काही नव्हतं, तिसऱ्या वर्गाला होतं. म्हणून ते सात वर्षं शेपटीकडे पाठ फिरवून राहिले. 'आपण निदान तिकीट काढून चढलो' हा त्यांचा एकमेव दागिना होता.

तो दागिना पाचव्या भागात हिरावला जातो. फर्स्ट क्लासची एलजे फोल्जर खुनांमागे आहे, हे सिद्ध होतं. तिच्या न्यायनिवाड्यात तिसऱ्या वर्गालाही पंच म्हणून जागा मिळते, तीही भांडून मिळवलेली. पंच दोषी ठरवतात. आणि मग 'विल्फर्ड'च्या नावाने शिक्षा माफ होते. पोटाला कमी मिळालं असतं तर कदाचित त्यांनी सोसलं असतं. पण आधी मत मागायचं आणि दिलेलं मत केराच्या टोपलीत टाकायचं, हे सोसवत नाही. त्याआधी दुसऱ्या भागात हिमकडा कोसळून गुरांचा डबा गोठला, मांस संपलं, आणि तंगी आली तीही खालच्यांनाच जास्त जाणवली. रागाला अशी बरीच कारणं साठली होती. खटल्याने त्याला तोंड मिळालं.

आमच्यात एक काका आहेत, त्यांचे वडील बिर्लानगरच्या जेसी मिलमध्ये होते. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, पण त्या घरात संपाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. काकांचं म्हणणं असं, की भुकेला माणूस दंगा करतो, संप करत नाही. संप तो करतो ज्याच्या हातात मशीन आहे. शेपटीने काम थांबवलं तर फर्स्ट क्लासला पत्ताही लागणार नाही. तिसऱ्या वर्गाने थांबवलं तर संध्याकाळी नळाला पाणी नाही. लेटनला हे कळलं, आणि म्हणूनच तो इतरांपेक्षा वेगळा पुढारी ठरतो. काकांच्या या मुद्द्यावर आजवर कोणी वाद घातलेला नाही.

11. रूथचा एवढा आकांत कशासाठी? ती तर मेलनीची मैत्रीण.

म्हणूनच. हॉस्पिटॅलिटीतली रूथ (ॲलिसन राइट) ही गाडीतली एकमेव व्यक्ती आहे जिने विल्फर्डवर खरोखर श्रद्धा ठेवली. दुसऱ्या भागात शेपटीतल्या एका बाईचा हात बाहेरच्या थंडीत गोठवून तोडला जातो, त्या शिक्षेच्या वेळी तिथे रूथच उभी असते. ती क्रूर आहे असं नाही. 'मिस्टर विल्फर्डची आज्ञा' एवढं म्हटलं की तिच्यापुरता प्रश्न मिटत होता.

आता आठव्या भागात मेलनीच्या समोर उभी असलेली रूथ बघा. कोटाची बटणं नीट लावलेली, केस जागच्या जागी, पाठ ताठ. ओठ मात्र थरथरतायत. तिला सांगितलं जातं की आज्ञा देणारा कोणी नव्हताच. म्हणजे त्या तोडलेल्या हाताची जबाबदारी आता वर ढकलायला जागा उरली नाही. पुढच्या पर्वांत रूथचा जो प्रवास होतो त्याचं बीज या एका प्रसंगात आहे. लेटनच्या (डेव्हीड डिग्स) भाषणापेक्षा मला हा प्रसंग जास्त लक्षात राहिलाय. मेलनी झालेली जेनिफर कॉनेलीही इथे फार कमी बोलून बरंच करते.

12. एलजेने स्वतःच्याच लोकांची गाडी का पेटवली?

मजा म्हणून. तिला कोणाचं भलं-बुरं करायचं नाही. लेटनकडून तिला गुपित मिळतं आणि गुपित हातात असणं तिला आवडतं. तिच्यात तत्त्व शोधत बसाल तर थकाल.

13. मेलनी खलनायिका आहे की नाही? आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत.

आमच्याकडेही पडलेत, आणि ते मिटवण्याचा माझा विचार नाही. दोन्ही बाजूंना काय म्हणता येतं तेवढं सांगतो.

तिच्या बाजूने असं, की गाडी तिनेच जिवंत ठेवली. विल्फर्ड ऐय्याश होता, त्याच्या हाती सगळे मेले असते असं तिला वाटलं. सहाव्या भागात गाडी वाचवायला ती स्वतःचा जीव धोक्यात घालते, एकाही फर्स्ट क्लासवाल्याला ते सुचत नाही. तीन हजारांचं गणित रोज तिला एकटीला मांडावं लागतं.

विरुद्ध बाजूने एकच नाव पुरतं: जोसी. सातव्या भागात लेटनचा ठावठिकाणा काढून घेण्यासाठी मेलनी स्वतः, स्वतःच्या हाताने, जोसीला गोठवत नेते. हे हुकूम देणं नाही, समोर उभं राहून करणं आहे. शिवाय ड्रॉवर्स. माणसांना औषध देऊन कप्प्यांत झोपवून ठेवायची ती व्यवस्थाही तिच्याच कारकिर्दीतली.

मला विचाराल तर आठव्या भागात ती पडते तेव्हा वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं याचा रागही येतो. लेखकांना बहुधा हेच हवं होतं.

14. बेस टिल पोलीस ना? मग ती कोणाच्या बाजूने?

टिल (मिकी समनर) ब्रेकमन आहे. खुनाच्या तपासात ती लेटनबरोबर फिरली आणि तिथूनच तिचे डोळे उघडत गेले. आठव्या भागापर्यंत ती गणवेशात आहे, पण मन बंडाकडे. तिच्याकडे 'फितूर' म्हणून बघू नका. ब्रेकमन स्वतः कुठल्या वर्गातून आलेत हे लक्षात घेतलं तर नवल वाटणार नाही. ब्रेकमन आणि जॅकबूट्स यांतला फरक प्रश्न 4 मध्ये आहे, आणि तो इथे कामाला येतो.

15. झाराने दगा का दिला? तिला माफ करावं का?

झारा लेटनची पूर्वीची बायको. ती शेपूट सोडून तिसऱ्या वर्गात गेली, आणि आता तिच्या पोटात लेटनचं मूल आहे. मेलनी त्या मुलावरूनच तिला कोंडीत पकडते आणि जोसीचं नाव तिच्या तोंडून बाहेर पडतं. आमच्यातल्या बायकांनी तिला सरळ माफ केलं. पुरुषांनी नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, घरी जेवायला बसायचंय.

16. जोसी सातव्या भागात मेली ना? मग दुसऱ्या पर्वात तीच दिसते ती कोण?

तीच. सातव्यात ती गोठलेला स्वतःचा हात फोडून मेलनीवर झेपावते, आणि नंतर ती संपली असंच आपल्याला आणि लेटनला वाटतं. आठव्या भागातला लेटनचा सगळा त्वेष त्यावर उभा आहे. दुसऱ्या पर्वात कळतं की ती वाचली होती, भयंकर अवस्थेत. आठवा भाग बघताना ती गेली असंच धरून चाला, कारण पात्रंही तसंच धरून चालली आहेत. ज्याने पुढचं बघितलंय त्याने ओठ शिवून बसावं.

17. लेटन तरी स्वच्छ आहे का? आणि शेवटच्या भागाच्या नावात 994 कुठून आलं?

दोन्हीचं उत्तर एकच आहे. आठव्या भागाच्या शेवटी कोणी जिंकलेलं नाही, म्हणून तिथे थांबू नका. नववा लगेच लावा. नवव्यात मेलनी आणि लेटन नाइलाजाने हातमिळवणी करतात, कारण दोघांचा शत्रू आता एकच आहे (प्रश्न 8). तोड अशी निघते, की जॅकबूट्स ज्या डब्यांत आहेत ते डबे गाडीपासून तोडायचे. पण त्याच डब्यांत पकडलेले बंडखोरही आहेत, लेटनची स्वतःची माणसं. तो डबे तोडतो. सात डबे जातात: 1001 वजा 7, म्हणजे 994. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक पात्र गाडीची ओळख करून देतं आणि डब्यांचा आकडा सांगून थांबतं. हा आकडा बदलला की समजायचं, काहीतरी मोठं घडलंय.

म्हणून मेलनीला दोष देऊन लेटनला डोक्यावर घेणाऱ्यांनी नववा भाग बघून मग बोलावं. थोड्यांना मारून बाकीच्यांना वाचवायचं गणित आता त्याच्याही हातून झालं.

18. जयविलास पॅलेसमधल्या चांदीच्या आगगाडीशी याचा काही संबंध आहे का?

नाही हो. पण हा प्रश्न तिघांनी वेगवेगळा विचारला, म्हणजे ग्वाल्हेरकराच्या डोक्यात ती येतेच. जयविलास 1874 चा. तिथल्या मेजवानीच्या टेबलावर रूळ आहेत आणि त्यावरून चांदीची छोटी गाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. बाटली उचलली की गाडी थांबायची. मालिकेतला फर्स्ट क्लासचा भोजनाचा डबा बघताना ती आठवली नाही तरच नवल.

आणि मग आपली दुसरी गाडी आठवा. दोन फुटी रुळांवरची, ग्वाल्हेरहून जौरा, सबलगढ करत श्योपूरला जाणारी, दोनशे किलोमीटरला दिवस घालवणारी. छपरावर माणसं बसलेली, आणि कोणाच्या शेजारी शेळी. ती 2020 साली बंद झाली. योगायोग बघा, त्याच वर्षी ही मालिका आली. दोन्ही गाड्या एकाच संस्थानातल्या. मालिकेने त्या दोन टोकांना एका कपलिंगने जोडलं, एवढाच काय तो संबंध लावता येईल.

19. आम्हाला आमच्या मंडळात हा भाग दाखवून चर्चा घ्यायची आहे. कशी घ्यावी?

आधी सातवा, मग चहा, मग आठवा. दोन्ही सलग लावले तर मध्ये कोणी बोलत नाही आणि नंतर सगळे एकदम बोलतात. इंग्रजी सबटायटल्स लावा, गाडीच्या खडखडाटात संवाद बुडतात. भाग संपल्यावर 'कसा वाटला' असं विचारू नका, त्याने चर्चा 'छान' वर संपते. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही त्या गाडीत कुठल्या डब्यात असता?' बहुतेक लोक शेपूट म्हणतात. मग विचारा की घरी कामाला येणाऱ्या मावशी कुठल्या डब्यात असत्या. तिथून पुढचा एक तास तुम्हाला काही करावं लागत नाही.

हिवाळ्यात दाखवत असाल तर गोधड्या जास्तीच्या ठेवा. जानेवारीतल्या धुक्यात ही मालिका बघणं म्हणजे पडद्याबाहेरही थंडीच.

20. दहाव्या भागात विल्फर्ड जिवंत निघतो. मग आठव्यातलं 'विल्फर्ड नाही' हे सगळं खोटंच ठरलं की!

अर्धंच. आठव्या भागात मेलनी जे कबूल करते ते तिच्या समजुतीप्रमाणे खरं आहे: तिने त्याला मागे सोडलं आणि तो मेला असं धरलं. तो गाडीत नव्हता हे तर शंभर टक्के खरं, आणि बंडासाठी तेवढंच पुरेसं होतं. दहाव्यात 'बिग ॲलिस' नावाची दुसरी गाडी मागून येऊन जोडली जाते आणि विल्फर्ड तिच्यावर असल्याचं कळतं. पडद्यावर तो (शॉन बीन) दुसऱ्या पर्वात येतो. बिग ॲलिसचे 40 डबे 994 मध्ये मिळवले की पुढच्या पर्वात ऐकू येणारा 1034 हा आकडा येतो.

मात्र एका माणसासाठी यामुळे सगळंच बदलतं. आठव्यात रूथची श्रद्धा मोडली होती, आता तिचा देव परत आलाय आणि तोही चिडलेला. दुसरं पर्व सुरू कराल तेव्हा लेटनकडे नंतर बघा, आधी रूथ कुठे उभी आहे ते शोधा. त्या पर्वाचे प्रश्न वेगळे जमा होतायत, ते या यादीत घातलेले नाहीत.